पक्षाघातानंतरचा पाय

पक्षाघाताने पाय लुळा पडतो तेव्हा बिघाड मेंदूत असतो. पायातले स्नायू, हाडे, सांधे शाबूत असतात. वरून येणारा हुकूम खाली पोचत नाही किंवा अर्धवट पोचतो. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने तुंबली किंवा फुटली की तिच्या वाट्याच्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. उजव्या मेंदूतली इजा डाव्या अंगावर उमटते, डाव्यातली उजव्या. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. आसपासच्या जिवंत पेशी मात्र नवे काम शिकू शकतात, आणि जे काम शिकायचे ते पुन्हा पुन्हा केल्यानेच त्या शिकतात. चालणे चालण्याने येते, उठणे उठण्याने.

हातापेक्षा पाय बरा सावरतो, हे फिजिओथेरपीच्या कामात रोज दिसते. चेहरा आणि हात यांना मेंदूच्या पृष्ठभागावर बाहेरच्या बाजूची जागा मिळालेली असते, तर पायाची जागा दोन अर्धांच्या मधल्या फटीत, आत असते. बहुतेक मोठे झटके येतात ते बाहेरची बाजू पोसणाऱ्या मधल्या धमनीत. पायाच्या जागेला रक्त पुढच्या धमनीतून मिळते. शिवाय धड आणि खुब्याभोवतीचे स्नायू मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून थोडेफार हुकूम घेतात. त्यामुळे एक हात गळपट्टीत आणि तरी स्वतःच्या पायांनी आत येणारा रुग्ण ही फिजिओथेरपी विभागातली नेहमीची गोष्ट आहे. कोपनहेगनमध्ये ८०४ रुग्णांचा पाठपुरावा करून १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखल होताना निम्म्या लोकांना अजिबात चालता येत नव्हते. पुनर्वसन संपेपर्यंत जगलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कोणाच्या आधाराविना चालत होते. चालण्यातली जी सुधारणा व्हायची ती ९५ टक्के रुग्णांत पहिल्या ११ आठवड्यांत झाली होती. हे ११ आठवडे कसे जातात, यावर फार काही अवलंबून असते.

हे काम इथे ज्या झाशी छावणीतले आहे, तिथे मिलिटरी हॉस्पिटल आहे, छावणी परिषदेचे रुग्णालय आहे, माजी सैनिकांसाठी ईसीएचएसचे पॉलिक्लिनिक आहे. गावात १९६८ पासून महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज आहे. छावणीत पक्षाघाताचे रुग्ण बहुतेक माजी सैनिक आणि सैनिकांचे आईवडील. सेवेतले जवान कमी, पण असतात. अतिउंचीवर दीर्घकाळ राहिलेल्यांत रक्त दाट होऊन गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, हे लष्करी डॉक्टरांनी नोंदवलेले आहे. मराठी रुग्ण दोन वाटांनी येतात. मराठा सुभेदार नारो शंकरांच्या आणि नेवाळकरांच्या काळापासून झाशीत राहिलेली मराठी घराणी आहेत. त्यांचे वृद्ध घरात मराठी आणि दारात बुंदेली बोलतात. दुसरे म्हणजे मुलाची बदली झाशीला झाली म्हणून साताऱ्या-कोल्हापूरकडून फॅमिली क्वार्टरमध्ये राहायला आलेले आबा आणि आई. या दुसऱ्या गटाची अडचण वेगळी असते. भोवताली ओळखीचे कोणी नाही, हिंदी तोडकीमोडकी, आणि मुलगा महिनामहिना सरावावर.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही अशी खात्री करून. तोंड वाकडे होणे, हात गळणे, जीभ जड होणे यांपैकी काहीही अचानक झाले की तेल शोधत बसण्यापेक्षा गाडी शोधावी. पायाचे भवितव्य सर्वांत जास्त बदलणारा उपचार हाच आहे आणि तो फिजिओथेरपिस्टकडे रुग्ण येण्याच्या आधीच होऊन गेलेला असतो किंवा निसटलेला असतो.

पहिल्या दिवसांत लुळा पाय बाहेरच्या अंगाला कलंडून पडतो. मांडीच्या बाहेरून टॉवेलची घट्ट गुंडाळी लावून तो सरळ ठेवतात, टाच गादीला टेकून फोड येऊ नये म्हणून पोटरीखाली मऊ घडी देतात, दर दोन तासांनी कूस बदलतात. पांघरूण पायाशी ताणून खोचण्याची शिस्त छावणीत घराघरांत पाळली जाते. लुळ्या पावलावर ते ताणलेले पांघरूण दिवसरात्र दाब देते आणि चवडा खाली ओढला जातो. पायाकडची बाजू मोकळी सोडावी. या दिवसांत पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली तर ती चोळू नये. आत गुठळी असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. डॉक्टरला लगेच दाखवणे हा एकच मार्ग.

लवकर उठवावे, पण फार लवकर आणि फार जोराने नव्हे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अॅव्हर्ट’ चाचणीत पाच देशांतले २,१०४ रुग्ण होते. पहिल्या चोवीस तासांत वारंवार आणि दीर्घ वेळ उठवलेल्या गटाचे तीन महिन्यांनंतरचे निष्कर्ष नेहमीच्या उपचारापेक्षा थोडे वाईट निघाले. तोवर जितक्या लवकर तितके चांगले असे मानले जात होते. आता पहिला दिवस सांभाळून, पुढे थोडा थोडा वेळ, दिवसातून अनेकदा असा क्रम धरला जातो. रक्तदाब आणि नाडी पाहिल्याशिवाय कोणाला उठवत नाहीत.

पहिली खरी परीक्षा बसण्याची. पलंगाच्या कडेला पाय सोडून, कशालाही न धरता ३० सेकंद बसता येते का, आणि लुळ्या पायात थोडीतरी हालचाल उमटते का? नेदरलँड्समधल्या २०११ च्या एका अभ्यासात ज्यांना पहिल्या ७२ तासांत या दोन्ही गोष्टी जमल्या, त्यांच्यातले ९८ टक्के सहा महिन्यांत स्वतंत्र चालू लागले. ज्यांना दोन्ही जमल्या नाहीत त्यांच्यातले सुमारे २७ टक्के. घरचे विचारतात, ‘आबा चालतील ना?’ तेव्हा या निरीक्षणाच्या बळावर प्रामाणिक उत्तर देता येते. पण २७ टक्के म्हणजे चारांतला एक. तिसऱ्या दिवशी कोणाला नाही म्हणून सांगण्याचा अधिकार हा आकडा देत नाही.

काही रुग्ण बसवले की लुळ्या बाजूलाच कलतात, आणि सरळ करायला गेले की चांगल्या हाताने जोर लावून आणखी ढकलतात. घरच्यांना वाटते माणूस हट्टाला पेटला. वास्तविक त्याच्या मेंदूत ‘सरळ’ कशाला म्हणायचे याची रेषाच कललेली असते. अशा माणसाला हाताने लोटून उपयोग होत नाही. समोर दाराची चौकट दाखवायची, तिची उभी कड आणि स्वतःचे अंग यांची तुलना त्याला डोळ्यांनी करू द्यायची, आणि चांगल्या बाजूकडे ठेवलेली वस्तू उचलायला सांगायचे. सुधारणा हळू होते, पण बहुतेकांत होते.

त्यानंतर उठणे. पक्षाघातानंतरच्या पायासाठी एकच व्यायाम निवडायचा झाला तर बसल्या जागेवरून उठून उभे राहणे हाच निवडावा. यात मांडीचा पुढचा स्नायू, नितंब, पोटरी, धड, तोल सगळे एकदम कामाला लागतात, आणि घरात हीच हालचाल दिवसातून शंभर वेळा लागते. तिची रीत ठरलेली आहे. दोन्ही पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, धड पुढे झुकवायचे, नाक चवड्यांच्या पुढे गेले की बूड आपोआप हलके होते, मग उभे राहायचे. झोळ पडलेल्या खाटेवरून हे जमत नाही. बूड गुडघ्यांपेक्षा खाली जाते आणि माणूस चांगल्या हातापायावर ओढून उठतो. क्वार्टरमध्ये यावर सोपा उपाय हाताशी असतो. जवानाची काळी लोखंडी पेटी भिंतीला टेकवून ठेवायची, वर घडी घातलेल्या दोनतीन सतरंज्या आणि एक गादी. उंचावरून उठणे सोपे जाते. आठवडाभराने एक घडी काढायची, पुढच्या आठवड्यात आणखी एक. चांगले पाऊल वीतभर पुढे ठेवले की भार निमूटपणे लुळ्या पायावर येतो. पेटी सरकू नये एवढे पाहिले पाहिजे; शेजारी एक माणूस लुळ्या बाजूला हवाच.

तो माणूस काय धरतो, हे महत्त्वाचे. काखेत हात घालून किंवा लुळा हात ओढून उठवणे हा सर्वत्र दिसणारा घात आहे. लुळ्या खांद्याचा सांधा स्नायूंनी धरलेला नसतो, ओढल्याने तो खाली सरकतो, आणि पुढे पाय चालू लागला तरी खांद्याच्या दुखण्याने माणूस व्यायामाला नकार देतो. कमरेला रुंद पट्टा बांधावा. सैनिकाच्या घरात पट्ट्याला तोटा नसतो.

उभे राहता आले की लुळ्या पायावर भार घेण्याचे शिक्षण सुरू होते. पॅरलल बारमध्ये किंवा स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून रुग्ण उभा राहतो आणि चांगले पाऊल समोरच्या विटेवर ठेवून परत खाली घेतो. काम दिसते चांगल्या पायाचे. घडते लुळ्या पायाचे, कारण तेवढा क्षण सगळा भार त्याच्यावर असतो. या वेळी फिजिओथेरपिस्टची नजर गुडघ्यावर आणि खुब्यावर असते. गुडघा अचानक दुमडतो की उलटा मागे ताठ होतो? कंबर एका बाजूला गळते का? गुडघा मागे ताठ मारून चालण्याची सवय लागली तर वर्षानुवर्षांत सांध्याचे मागचे बंध ताणले जाऊन दुखणे मागे लागते. ही सवय पहिल्या महिन्यातच मोडावी लागते, आणि घरच्यांच्या डोळ्याला ती दिसत नाही. उलट पाय घट्ट झाला म्हणून त्यांना बरे वाटते.

चालताना पाऊल उचलण्याचा टप्पा वेगळाच प्रश्न आणतो. घोट्यापुढचा स्नायू चवडा वर उचलत नाही, चवडा जमिनीला घासतो, मग माणूस पाय बाहेरून अर्धगोल फिरवून आणतो. हे फिरवणे दमवणारे असते. ते टाळण्यासाठी गुडघा मागे दुमडणे, चवडा वर घेणे, बाजूला आणि मागे पावले टाकणे हे सगळे सुटे सुटे शिकवून लगेच चालण्यात मिसळावे लागते. सुटे व्यायाम पलंगावर कितीही केले तरी ते आपसूक चालण्यात उतरत नाहीत.

लयीचा उपयोग मोठा आहे. ठरावीक ठोक्यावर पाऊल टाकायला लावले की दोन पायांची वेळ जवळ येते, वेग वाढतो. १९९० च्या दशकापासून यावर बरेच संशोधन झाले आहे. छावणीत यासाठी मेट्रोनोमची गरज फारशी पडत नाही. वीस-पंचवीस वर्षे परेड केलेल्या माणसाच्या अंगात ठोका मुरलेला असतो. बोलणे गेलेला, स्वतःचे नावही नीट सांगू न शकणारा निवृत्त हवालदार ‘कदम ताल’ ऐकल्यावर जागच्या जागी पाय उचलू लागतो, आणि ‘थम’ म्हटल्यावर थांबतो. तेज चालीचा मिनिटाला साधारण १२० पावलांचा ठोका या अवस्थेत झेपत नाही. ‘धीरे चल’च्या संथ लयीपासूनही खाली सुरुवात करून चढवत न्यावे लागते. जन्मभर भजनात टाळ धरलेल्या साताऱ्याच्या आबांना तोच उपयोग टाळाच्या ठोक्याचा होतो.

सुरुवातीला लोळागोळा असलेला पाय काही आठवड्यांत ताठर होऊ लागतो. स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या सिग्ने ब्रुन्स्ट्रॉम यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात सावरण्याच्या पायऱ्या मांडल्या. लुळेपणा, मग ठरावीक साच्यात एकत्र होणाऱ्या हालचाली, मग त्या साच्यातून हळूहळू सुटका. पायाचा ताठर साचा असा: खुबा आणि गुडघा सरळ, पाऊल खाली आणि आत वळलेले. थोडा ताठरपणा उभे राहायला मदतच करतो. पोटरी मात्र आखडू द्यायची नाही. रोज भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरीला ताण द्यावा. ताठरपणा फार असेल तर बोट्युलिनम विषाची इंजेक्शने पोटरीत देतात, ज्यांचा परिणाम तीनेक महिने राहतो. इंजेक्शन घेऊन ते महिने व्यायामाविना घालवले तर पैसा वाया गेला असे समजावे.

पाऊल पडते अशांसाठी प्लास्टिकची स्प्लिंट बुटात बसते आणि चवडा वर धरते. लष्कराकडे कृत्रिम अवयवांचे काम करणारे आर्टिफिशियल लिंब सेंटर पुण्यात १९४४ पासून आहे. साध्या स्प्लिंटसाठी तितके दूर जावे लागत नाही. घरात हवाई चप्पल घालणे बंद करावे. चप्पल बोटांनी धरून ठेवावी लागते, लुळ्या पावलाला ते जमत नाही आणि ती पायात अडकून माणूस पडतो. मागे पट्टा असलेला सँडल किंवा सैनिकी कॅनव्हास बूट उत्तम. काठी चांगल्या हातात. आधी काठी, मग लुळा पाय, मग चांगला. तिची उंची हात सोडून उभे राहिल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा आधी. जुन्या बंगल्यांचे आणि बराकींचे जोते उंच असते, त्यामुळे छावणीत हा धडा पुढे ढकलता येत नाही.

किती करायचे, हा प्रश्न कमी लोक विचारतात. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांत २००९ च्या एका पाहणीत फिजिओथेरपीच्या एका सत्रात रुग्ण सरासरी ३५७ पावले टाकत असल्याचे आढळले. निरोगी माणूस दिवसाला काही हजार पावले टाकतो. नुसत्या सत्रावर विसंबून मेंदूला शिकण्याइतका सराव मिळत नाही, हे यावरून उघड आहे. उरलेला वेळ घरातच मिळवावा लागतो. मोजमापही साधेच पुरते. व्हरांड्यात खडूने दहा मीटरवर दोन रेषा आणि घड्याळ. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग असेल तर माणूस घरापुरता चालतो, ०.८ च्या पुढे गेला की बाजारातही निभावतो, असे १९९५ पासून मानले जाते. हा आकडा दर आठवड्याला लिहिला की माणसाला आपली वाढ दिसते, आणि कुठे अडकले आहे तेही कळते.

यंत्रांबद्दल रुग्णाच्या मुलांचे प्रश्न फार असतात. पट्ट्यांनी अंग उचलून धरणाऱ्या ट्रेडमिलची अमेरिकेत ४०८ रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन करवून घेतलेल्या व्यायामापेक्षा ती सरस ठरली नाही. वर्षभराने एकूण ५२ टक्के रुग्णांच्या चालण्याची पातळी वाढली होती, दोन्ही रीतींत सारखीच. अजून अजिबात न चालणाऱ्यांना सुरुवातीच्या तीन महिन्यांत फिजिओथेरपीच्या जोडीने चालवणाऱ्या यंत्राचा फायदा होतो, एवढे मान्य करावे. विजेच्या झटक्याने चवडा उचलण्याची कल्पना १९६१ पासूनची आहे आणि ठरावीक रुग्णांत उपयोगी पडते. पण यंत्र नाही म्हणून झाशीत राहणाऱ्याने हात टेकण्याचे कारण नाही.

तेलमालिश, कबुतराचे रक्त, आणि राजस्थानात नागौर जिल्ह्यातले बुटाटी धाम ही नावे जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकू येतात. कोमट हाताने हलकी मालिश माणसाला आराम देते. तिच्यावर पाय उभा राहत नाही. कबुतराचा काहीही उपयोग नाही. बुटाटीला लोक सात दिवस राहून सकाळ-संध्याकाळ परिक्रमा करतात. श्रद्धेवर हात न घालता एवढेच सांगावे लागते की पहिल्या आठवड्यांत लांबचा प्रवास नको, रक्तदाबाची आणि रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही चुकवू नये, आणि तिथे रोज होते तसे दोन वेळचे चालणे परत आल्यावरही चालू ठेवावे.

झाशीचा उन्हाळा व्यायामाच्या वेळा ठरवतो. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा चालणे सूर्य वर येण्याआधी उरकावे आणि पाणी मोजून पाजावे. हिवाळ्यात धोका उलट बाजूने येतो. लुळ्या पायाला संवेदना कमी असते. गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडी जवळ घेऊन झोपलेल्याला भाजलेले कळत नाही. पडण्याच्या घटना बहुतांशी रात्री, बाथरूमच्या वाटेवर होतात. तिथे दिवा, भिंतीला दांडी, आणि उकिडव्या संडासावर बसवायची खुर्ची एवढे आधी करून घ्यावे.

हे सगळे करायचे कोणी? घरच्यांनी. पण नुसते घरच्यांवर सोपवून भागत नाही, हे भारतातच तपासले गेले आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या कुटुंबीयांना घरी पुनर्वसन करण्याचे शिक्षण दिले गेले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत सारखे, ४७ टक्के. हे निष्कर्ष वाचून या क्षेत्रातल्या अनेकांना वाईट वाटले, कारण भारतासारख्या देशासाठी ही स्वस्त आशा होती. छावणीतल्या कामाचा अनुभव या निष्कर्षाला धरून आहे. सून मनापासून आबांना दिवसातून दहादा उठवते; पण गुडघा मागे जातो आहे, टाच टेकत नाही, आता पेटीवरची घडी काढायची वेळ झाली, हे तिला कोणीतरी दर आठवड्याला पाहून सांगावे लागते. हात घरच्यांचे आणि नजर प्रशिक्षित माणसाची, दोन्ही एकत्र आले की पाय पुढे सरकतो.

सहा महिन्यांनंतर वेग मंदावतो, पण दार बंद होत नाही. वर्ष-दोन वर्षांनंतरही नेटाने सराव केला तर चालण्याचा वेग आणि दम वाढतो. या काळात दुसरा झटका टाळणे हे पायाचेच काम आहे. रक्तदाब, साखर, गोळ्या सांभाळायच्या, आणि बुंदेलखंडात हातातून न सुटणारी बिडी, खैनी, गुटखा सोडायचा. मन खचणे हाही या आजाराचाच भाग आहे. दिवसेंदिवस भिंतीकडे तोंड करून पडणाऱ्या माणसाला आळशी न म्हणता डॉक्टरला दाखवावे.

सेवेतला जवान बरा झाला की त्याची वैद्यकीय श्रेणी ठरते आणि बहुतेकदा बैठे काम मिळते. आबा-आईंचे तसे नसते. दोनतीन वर्षांत मुलाची बदली होते, क्वार्टर सुटते, घर साताऱ्याला परत जाते. त्या वेळी रुग्णाच्या हातात एक कागद असावा: झटक्याची तारीख आणि प्रकार, चालू गोळ्या, दहा मीटरचा शेवटचा वेग, स्प्लिंट कधी बनवली आणि कुठे घासते, आणि रोजचे पाच व्यायाम मराठीत लिहून. तालुक्याच्या गावातल्या फिजिओथेरपिस्टला तिथून पुढे काम धरता येते.